पंडिता रमाबाई : विद्येचेही दान

द्वितीय वर्ष, कला

संपत्तीचा त्याग करणाऱ्या थोर व्यक्तींच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गौतम बुद्धांनी राजवाडा सोडला. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. असिसीच्या संत फ्रान्सिसने अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून कापडव्यापारी वडिलांच्या स्वाधीन केले. या सर्वांजवळ आधी काहीतरी होते आणि मग त्यांनी ते टाकले. परंतु जिच्याजवळ टाकण्यासारखे काही उरलेच नव्हते, जिने ऐन तारुण्यात रानातला पाला खाऊन दिवस काढले, अशा स्त्रीने पुढे हाती आलेल्यातले काहीच ‘माझे’ म्हणून ठेवू नये, याचे मोल कसे करायचे? भुकेल्या माणसाला अन्नाची किंमत सर्वांत अधिक कळते. मग ज्याला ती कळली आहे, त्यानेच साठवण्याचा मोह सोडावा, हे घडते तरी कसे?

पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना हा प्रश्न वारंवार समोर येतो. शालेय पुस्तकांतून आपल्याला रमाबाई भेटतात त्या समाजसुधारक म्हणून. त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले, त्या संस्कृतच्या मोठ्या पंडिता होत्या, एवढे आपण परीक्षेत लिहितो. त्या ख्रिस्ती झाल्या, हे वाक्य मात्र पुस्तकात येते आणि लगेच पुढच्या वाक्याला वाट करून देते. कोणी त्यावरून त्यांना दोष देतात, कोणी संकोचाने गप्प बसतात. तथापि तो धागा काढून टाकला, तर त्यांच्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे आपल्याला समजणारच नाहीत. म्हणून तो धागा हातात धरूनच हे चरित्र सांगण्याचा येथे प्रयत्न करीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या घनदाट अरण्यातील गंगामूळ या ठिकाणी झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव पंथाचे विद्वान ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवायला जात असत. स्त्रीसुद्धा संस्कृत शिकू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले आणि ती गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. त्यावर मोठा गहजब झाला. त्यांना उडुपी येथे धर्ममार्तंडांसमोर उभे राहून, स्त्रीने संस्कृत शिकण्यात शास्त्राचा विरोध नाही, हे ग्रंथांच्या आधाराने पटवून द्यावे लागले. घरच्यांच्या विरोधाला कंटाळून ते अरण्यात जाऊन राहिले. तेथेच रमाबाई जन्मल्या, आणि आईच्याच मुखातून त्यांना संस्कृत विद्या मिळाली. भल्या पहाटे, घरकामाला लागण्यापूर्वी, आई मुलीला जवळ घेऊन श्लोक म्हणवून घेत असे.

या कुटुंबाजवळ काही काळ बऱ्यापैकी पैसा होता. घरी येणारे विद्यार्थी, यात्रेकरू आणि अतिथी यांच्या पाहुणचारात तो हळूहळू सरला. मग सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. भीक मागायची नाही, मंदिरात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर निर्वाह करायचा, असा त्यांचा क्रम होता. मिळालेल्या पैशातूनही बराचसा भाग दानधर्मात जाई. दान केले, व्रते केली, तीर्थात स्नान केले, तर पुण्य साठेल आणि देव संकटात हात देईल, अशी अनंतशास्त्रींची नितांत श्रद्धा होती.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी येईना, आले तरी ठेवायला त्यांच्याजवळ काही नसे. होते-नव्हते ते दागिने विकले, चांदीची, तांब्यापितळेची भांडी विकली, आणि तो पैसाही देवाला प्रसन्न करण्यासाठी ब्राह्मणांना दान दिला. अखेरीस तांदळाचा शेवटचा दाणा संपला. ही विद्वान मंडळी मोलमजुरी करू शकत नव्हती, कारण तसे कधी शिकलीच नव्हती. आणि भीक मागायची लाज वाटत होती. मग सर्व जण रानात शिरले. अकरा दिवस पाणी, झाडांची पाने आणि थोडे रानखजूर यांवर त्यांनी काढले. वृद्ध, अंध झालेल्या वडिलांनी प्राण सोडला. पाठोपाठ आई गेली आणि काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या आसपास होत्या.

अनंतशास्त्रींच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्याइतका निर्लोभी माणूस विरळाच. परंतु त्यांच्या मुलीच्या मनात त्या रानात एक गाठ पडली असावी. पैसा जसा साठवतात, तसेच पुण्यही साठवायचे आणि अडीअडचणीला ते मोडायचे, हा जो हिशेब होता तो चुकला. देवाशी व्यवहार करता येत नाही. मग देवाशी कोणते नाते जोडता येते? हा शोध पुढे अनेक वर्षे चालला.

मागे राहिली ती दोन भावंडे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे हिंदुस्थानभर पायी फिरले. पायात जोडा नाही, अंगावर पुरेसे पांघरूण नाही. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी इतकी असह्य झाली, की दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत स्वतःला पुरून घेतले आणि केवळ डोके बाहेर ठेवून रात्र काढली. या भटकंतीत त्यांच्याजवळ जे धन होते ते डोक्यात होते. भागवताचे १८,००० श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते असे सांगितले जाते. चोर नेऊ शकत नाही आणि दुष्काळ खाऊ शकत नाही, अशी ती एकच मालमत्ता.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि नशिबाने एकदम कूस बदलली. वीस वर्षांची एक मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, पंडितांच्या प्रश्नांना तेथल्या तेथे उत्तरे देते, हे पाहून विद्वानांची सभा थक्क झाली. तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. सभा, सत्कार, वर्तमानपत्रांतून स्तुती असे सारे सुरू झाले. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली. स्त्रियांनी वेद वाचू नयेत असे ऐकत आलेल्या रमाबाईंनी तो ग्रंथ उघडला. धर्मशास्त्रांचे वाचन जसे वाढले, तसे एक सत्य त्यांना बोचू लागले. ज्या विद्येमुळे आपला गौरव होतो आहे, त्याच विद्येचे बरेचसे ग्रंथ स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्षाच्या दारापासून दूर ठेवतात. म्हणजे आपल्या हातातले सोने कोणाच्या तरी गळ्यातली बेडीही आहे.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे या लग्नाने दोघांनाही समाजातून दूर व्हावे लागले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिन बाबू गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांतले कोणीच उरले नव्हते. जवळ होती दहा महिन्यांची मुलगी.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक त्यांनी १८८२ साली लिहिले आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशातून १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंड गाठले. वैद्यकीय शिक्षण घ्यावे हा हेतू होता. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो बेत सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्यांच्या जीवनाला वळण देणारी गोष्ट मात्र लंडनच्या फुलम भागात घडली. समाजाने ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकून दिले होते अशा स्त्रियांना या भगिनींनी तेथे आश्रय दिला होता. त्यांची शुश्रूषा चालली होती, त्यांना पुन्हा माणसासारखे उभे केले जात होते. रमाबाईंनी विचारले, की हे तुम्ही का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, लोकांनी नावे ठेवलेली, परजातीची बाई. आणि तिच्याजवळ पाणी मागणारा, तिच्याशी धर्माचे गहन बोलणे बोलणारा ख्रिस्त. जिला गावात कोणी उभे करीत नव्हते तिच्यापुढे त्याने आपले सर्वांत मोठे धन उघडून ठेवले. शास्त्राने बंद केलेले दार रमाबाईंना येथे उघडे दिसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतरात लाभाचा शोध होता असे त्यांच्यावर टीका करणारे म्हणत. पण लाभ पाहायचा झाला तर तो पुण्यातच अधिक होता. तेथे मान होता, आप्त म्हणावेत असे लोक होते. ते सारे या एका कृतीने दुरावले. शिवाय नव्या धर्मातही त्या मान खाली घालून वावरल्या नाहीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही, साडी सोडली नाही. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नकोत, असा त्यांचा सवाल होता. एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून सुटून दुसऱ्याच्या ताब्यात जाण्यासाठी आपण ख्रिस्ती झालो नाही, हे त्यांनी ज्या भगिनीला गुरुस्थानी मानले होते तिलाही निक्षून कळवले. विचार करण्याचे स्वातंत्र्य ही एकच गोष्ट त्यांनी कोणालाही दिली नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली. बॉस्टन येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन होऊन तिने त्यांच्या नियोजित शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यामागे शारदा सदनाची अशी एक अबोल नाळ आहे.

परंतु त्याच १८९३ साली मोठे वादळ उठले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. पुण्यातील पुढाऱ्यांना हा वचनभंग वाटला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणण्याजोगे होते, हे आज शांतपणे मान्य करावे लागेल. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांची धास्ती खोटी नव्हती. पण रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर मागणी अशी होती, की आपल्या मनात जे सर्वांत मोलाचे आहे ते दाराआड लपवावे आणि त्या बदल्यात लोकांचा आधार टिकवावा. हा सौदा त्यांनी केला नाही. पुण्याचा आधार गेला.

विशेष म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले, की देवाची कृपा ही कमवायची वस्तू नव्हे, ती फुकट मिळते आणि फुकटच वाटायची असते. वडिलांच्या त्या चुकलेल्या हिशेबाचे उत्तर त्यांना येथे मिळाले असे मला वाटते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. माणसांपुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर विसंबून त्याने हजारो अनाथ मुलांना सांभाळले होते. ईश्वर गोष्टी पुरवतो, हे त्याने कृतीने दाखवले होते. रमाबाईंना तोच मार्ग हवासा वाटू लागला.

परीक्षेची वेळ लवकरच आली. १८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. सोळाव्या वर्षी ज्या आगीतून त्या स्वतः गेल्या होत्या, तीच आग आता दुसऱ्यांच्या पोटात पेटली होती. त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांना फसवून नेण्यासाठी टपून बसलेली माणसे, हे सारे त्यांनी पाहिले. जवळ पैसा किती आहे याचा विचार न करता त्या मुली गोळा करीत गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन परत आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या लोकांना ठेवण्यास मनाई होती. तेव्हा पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगाव येथे शेतीसाठी घेतलेल्या सुमारे १०० एकर माळरानावर त्यांना नेण्यात आले. सुरुवातीला झोपड्या आणि तंबू. पुढे तेथेच ‘मुक्ति’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथे राहणाऱ्यांची संख्या सुमारे २,००० वर गेली.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. आध्यात्मिक धन श्रेष्ठ, ऐहिक वस्तू तुच्छ, असे म्हणणारे पुष्कळ असतात. आणि बहुधा त्यांचे पोट भरलेले असते. रमाबाईंनी भुकेल्या मुलींना असा उपदेश केला नाही. त्यांनी आधी भाकरी दिली, कपडा दिला, विहिरी खणल्या. माळावर फळबाग उठली. दुभती जनावरे आली, हातमाग आले, तेलाचा घाणा आला, शिवणकाम सुरू झाले, छापखाना आला. ज्या वडिलांच्या घरी कोणालाच हाताने काम करता येत नव्हते म्हणून उपासमार झाली, त्यांच्या मुलीने आपल्या प्रत्येक मुलीच्या हातात एक तरी कसब दिले. पंडिताची मुलगी हे विसरली नव्हती. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीति सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, आणि अंधांसाठी बार्तमी सदन, असा तो पसारा वाढला. बार्तमी म्हणजे येशूने दृष्टी दिलेला शुभवर्तमानातील आंधळा भिकारी. मनोरमेने परदेशात अंधांना शिकवण्याची पद्धत शिकून घेतली आणि ती येथे वापरली.

म्हणजे वस्तूंचा त्यांना तिटकारा नव्हता. लाखांचे व्यवहार त्यांच्या हातून झाले. फक्त त्यांतले काही हाताला चिकटले नाही. स्वतः त्या पांढरे जाडेभरडे लुगडे नेसत, केस कापलेले असत आणि मुलींमध्येच राहत. धन तळ्यासारखे साचवायचे नाही, पाटाच्या पाण्यासारखे पुढे सोडायचे, एवढाच त्यांचा नियम दिसतो. तळ्यातले पाणी आपले म्हणता येते, पण शेवाळ त्यालाच धरते.

दुष्काळातून आलेल्या या मुलींना त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या वातावरणात वाढवले, याविषयी तेव्हाही आक्षेप होता आणि आजही घेतला जातो. उपकाराखाली दबलेल्या माणसाची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहेच. पण तो विचारताना दुसराही प्रश्न विचारावा, की त्या मुली रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या तेव्हा त्यांना उचलायला किती जण गेले होते? माझ्यापुरते मी एवढेच म्हणेन, की रमाबाईंनी आपल्याजवळचे उत्तमातले उत्तम त्या मुलींना दिले, आणि त्यांच्या दृष्टीने ते उत्तम म्हणजे ख्रिस्त होता.

आता या चरित्रातील ज्या भागाने मला सर्वांत अधिक विचारात पाडले, त्याकडे वळते. रमाबाईंजवळ पैसा कधी फारसा नव्हताच. लौकिक होता, तो गेला. लोकाश्रय होता, तो गेला. पण एक संपत्ती अजून शिल्लक होती. झेलमच्या वाळूतही जी त्यांच्याबरोबर होती ती संस्कृत विद्या. पांडित्य हे असे धन आहे की ते कोणी हिरावून घेत नाही, म्हणूनच त्याचा मोह सुटणे सर्वांत कठीण. पैसेवाल्याला आपल्या पैशाची कधी लाज वाटते. विद्वानाला आपल्या विद्वत्तेची कधीच वाटत नाही.

या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, रमाबाईंनी बायबलचे मराठीत नव्याने भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. मराठी बायबल त्यापूर्वीही होते. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, पुस्तकी. मुक्तितील बायकांना, खेड्यातून आलेल्या, नुकतीच बाराखडी शिकलेल्या मुलींना ते वाचून कळत नसे. मूळ ग्रंथाशी इमान राखावे म्हणून रमाबाई हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या. इतरांना शिकता यावे म्हणून हिब्रूचे व्याकरणही त्यांनी मराठीत लिहिले. आणि एवढी सामग्री जमवून त्यांनी काय केले? तर एका साध्या बाईला समजेल असे साधे मराठी वाक्य लिहिले. ज्यांच्या जिभेवर संस्कृतचे अवजड समास सहज नाचत, त्यांनी जाणूनबुजून ते बाजूला ठेवले. जो शब्द पंडितांच्या सभेत टाळ्या घेईल तो त्यांनी टाकला, आणि जो चुलीपाशी बसलेल्या बाईला कळेल तो घेतला.

विद्वानांनी या भाषांतराचे फारसे कौतुक केले नाही. ते रूढही झाले नाही. पण त्यामागची तपश्चर्या पाहावी. सुमारे पंधरा-सतरा वर्षे, संस्थेचा सारा भार वाहत, कानांनी ऐकू येत नसताना, त्या हे काम करीत होत्या. टाइप जुळवणे, छापणे, ही कामे मुक्तिच्या छापखान्यात तेथल्याच मुलींनी केली. ज्यांच्यासाठी ग्रंथ, त्यांच्याच हातांनी तो घडत होता.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु या शेवटच्या वर्षांत देवाने त्यांच्याजवळची उरलेली एकच व्यक्तीही मागून घेतली. मनोरमा ही त्यांची मुलगी, शाळेची मुख्य, आणि पुढे सारे काम सांभाळणार म्हणून जिच्याकडे सर्वांचे डोळे होते, ती जुलै १९२१ मध्ये मिरज येथे वारली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी रमाबाई पुन्हा सोळाव्या वर्षाइतक्याच एकट्या झाल्या. त्या भाषांतराकडे परत गेल्या. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. केडगावच्याच मातीत त्या विसावल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुक्तिचे काम केडगावला आजही चालू आहे.

मनुष्याचे मन त्याच्या ठेवीभोवती घोटाळत असते, तेव्हा ठेव कोठे ठेवावी याचा विचार त्याने करावा, अशा अर्थाची शिकवण ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात दिली आहे. ती आपण पैशापुरतीच समजतो. रमाबाईंच्या जीवनाने तिचा अर्थ पुष्कळ रुंद केला. पुण्य हीसुद्धा ठेव होऊ शकते, कीर्ती होऊ शकते, आणि विद्याही होऊ शकते. वडिलांनी पैसा दिला, पण पुण्याची ठेव धरून ठेवली. मुलीने तीही धरली नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्यासारख्यांच्या घरी शिक्षण हीच उद्याची जमीन आणि उद्याचे दागिने असतात. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ही ठेव आमच्या नावे केलेली असते, आणि तिच्यातून नोकरी यावी, घराला पत्रे पडावेत, धाकट्यांची फी निघावी, अशी त्यांची अपेक्षा असते. या अपेक्षेत लाजिरवाणे काही नाही. भाकरी आधी, हे रमाबाईंनीच आपल्या कृतीने सांगितले आहे. पण या दोन वर्षांत आणखीही एक गोष्ट ध्यानात येते. वर्गात रोज नवे जड शब्द मिळतात. ते तोंडात बसू लागतात, आणि घरी जेवताना त्यांतला एखादा सहज बाहेर पडला की समोरची माणसे गप्प होतात. त्यांना राग येत नाही. उलट अभिमानच वाटतो. पण बोलणे थांबते. ज्यांनी आपल्याला विद्येच्या दारापर्यंत आणून सोडले, ती माणसे दाराबाहेरच उभी राहतात.

आपल्यापैकी अनेक जणांच्या घरी हेच घडत असेल. म्हणून केडगावच्या त्या खोलीत बसलेल्या वृद्ध पंडितेचे चित्र मला मोलाचे वाटते. समोर हिब्रू आहे, ग्रीक आहे, डोक्यात अवघे भागवत आहे, आणि तरी ती एक सोपा मराठी शब्द शोधते आहे. तो सापडेपर्यंत पुढे जात नाही. विद्या सोडून देणे असा त्याचा अर्थ नव्हे. तशी सोडली असती तर भाषांतर झालेच नसते. विद्या पुरती मिळवायची, आणि मग ती इतकी सोपी करायची की जिला ती कधी मिळाली नाही तिच्या ओंजळीत ती मावावी. असे दान करताना देणाऱ्याचे काही कमी होत नाही, फक्त त्याचा मोठेपणा दिसेनासा होतो. आणि तेवढेच तर द्यायला सर्वांत जड जाते.